पी.टी.चा तास आधी परत द्या



मुलांच्या वाढत्या चष्म्यांची बातमी आल्यापासून या सदरातली सगळी पत्रे वाचली. प्रत्येकाने मोबाइललाच धारेवर धरले आहे. मोबाइलची बाजू मला घ्यायची नाही. पण शाळांना कोणीच जाब विचारत नाही, आणि याच आठवड्यात नातीच्या शाळेतून आलेली सूचना वाचून गप्प बसवेना. तिसरी-चौथीचे पी.टी.चे तास यापुढे गणिताच्या जादा तासांना दिले जाणार. मधल्या सुट्टीत मुलांनी डबा वर्गातच खायचा, खाली उतरायचे नाही, कारण निम्म्या मैदानावर आता स्कूल बस उभ्या राहतात. त्याच कागदावर खाली नेत्रतपासणी शिबिराची तारीख छापली होती.

मी निवृत्त क्रीडाशिक्षक आहे. पी.टी.चा तास हा कोणीही यावे आणि उचलून न्यावा असा तास, हे मी उभ्या नोकरीत पाहिले. पोर्शन राहिला, घ्या पी.टी.चा तास. स्नेहसंमेलनाची तालीम आली, घ्या पी.टी.चा तास. तेव्हा मुले निदान शाळा सुटल्यावर अंधार पडेपर्यंत बाहेर असत. आता शाळेतून क्लासला आणि क्लासमधून घरी. पुष्कळ मुलांना दिवसभरात मिळणारा मोकळा उजेड तेवढ्या एका तासाचाच उरला आहे, आणि नेमका तोच आपण कापतो.

चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ प्राथमिक शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे प्रयोग झाला. सहा शाळांनी रोज ४० मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर घेतला, बाकीच्या सहा नेहमीसारख्या चालल्या. तीन वर्षांत नेहमीच्या शाळांतल्या ३९.५ टक्के मुलांना नव्याने मायनस नंबर लागला. उघड्यावर तास घेणाऱ्या शाळांत हेच प्रमाण ३०.४ टक्के राहिले. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे शंभर मुलांमागे नऊ मुलांचा चष्मा टळला. औषध नाही, यंत्र नाही, फी नाही. फक्त ४० मिनिटे. आपल्याकडे शाळेचा एक तास जवळपास तेवढाच असतो!

तैवानमध्ये प्राथमिक शाळेतल्या अधू दृष्टीच्या मुलांचे प्रमाण २००१ साली ३४.८ टक्के होते, ते २०११ पर्यंत ५० टक्क्यांवर गेले. २०१०पासून तिथल्या सरकारने मुलांना रोज दोन तास बाहेर काढायची मोहीम शाळाशाळांत सुरू केली आणि २०१५ साली तो आकडा ४६.१ टक्क्यांवर उतरला. वर्षानुवर्षे चढत गेलेला आकडा उतरला, तोही स्मार्टफोन घरोघरी पोचत होते त्याच काळात. सगळा दोष मोबाइलच्या माथी मारणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

मायनस नंबर लागतो तो बहुतेक वेळा डोळ्याचा गोल मागच्या बाजूला लांबल्यामुळे. एक मिलिमीटर लांबला की साधारण अडीच-तीन नंबर वाढतो, आणि लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही. ही वाढ आवरायला लख्ख उजेड मदत करतो. ट्यूबलाइटच्या वर्गात तीनशे-पाचशे लक्स उजेड असतो. बाहेर झाडाच्या सावलीतही त्याच्या कितीतरी पट. तेव्हा ‘मुलांना ऊन लागेल’ ही सबब सांगू नये. टोप्या घाला, सावलीत लगोरी खेळा, पण बाहेर काढा. आणि हे पहिली-दुसरीपासूनच झाले पाहिजे, कारण चष्मा लागल्यानंतर नुसत्या खेळण्याने नंबर वाढायचा फारसा थांबत नाही. मोठ्या नंबराच्या डोळ्यांना पुढे पडदा सरकण्याचा आणि काचबिंदूचा धोका अधिक असतो. तिसरीतल्या गणिताच्या जादा तासासाठी ही किंमत मोजायची?

अभ्यास बुडतो म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो की मैदानावर खेळल्यामुळे नापास झालेले एकही मूल मी पाहिलेले नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९च्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण हवे असे लिहिलेले आहे. क्रीडांगणावर बस उभ्या करून तो कायदा पाळला जात नाही.

शाळांतल्या नेत्रतपासणी शिबिरांबद्दलही बोलायला हवे. रांग लांब, वेळ कमी, म्हणून मुलाला दोन्ही डोळे उघडे ठेवून तक्ता वाचायला लावतात. मागच्या मुलांची अक्षरे तोवर ऐकून पाठ झालेली असतात. एक डोळा चांगला असेल तर मूल सगळ्या ओळी वाचते आणि दुसऱ्या डोळ्याला दिसत नाही हे कोणालाच कळत नाही, त्या मुलालासुद्धा. असा लपून राहणारा एक दोष म्हणजे डॉक्टर ज्याला आळशी डोळा म्हणतात तो. सात-आठ वर्षांच्या आत योग्य चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी, एवढ्यावर बहुतेकांची नजर सुधारते. पुढे दरवर्षी ते कठीण होत जाते. एकेक डोळा झाकून तपासायला मुलामागे दोन मिनिटे जास्त लागतील. तेवढी द्यायची नसतील तर शिबिराचा फलक लावून फोटो काढू नयेत. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतल्या मुलांची एकदा तपासणी ठरलेली आहे. खासगी विनाअनुदानित शाळा त्यात येत नाहीत, म्हणून तिथल्या पालकांनी शिबिराच्या ‘नॉर्मल’ शेऱ्यावर विसंबू नये. तिरळेपणा भाग्याचा म्हणून डॉक्टरकडे जायचे टाळू नये, आणि मुलीचे लग्न अडेल म्हणून तिचा चष्मा कपाटात ठेवू नये.

शिक्षण विभागाने पहिली ते चौथीला रोज ४० मिनिटे उघड्यावर घालवणे सक्तीचे करावे आणि पी.टी.चा तास दुसऱ्या विषयाला देण्यावर बंदी घालावी. तोवर पालकांना माझी विनंती आहे: येत्या पालकसभेत टक्क्यांची चौकशी करण्याआधी आपले मूल शाळेत रोज किती मिनिटे आभाळाखाली असते ते विचारा. उत्तर चाळीसपेक्षा कमी आले तर तिथेच, सगळ्यांनी मिळून, पी.टी.चा तास परत मागा.

– एक निवृत्त क्रीडाशिक्षक, डोंबिवली