एक्सप्लेनर : घरी येणाऱ्या मावशींची ‘वही’ का महत्त्वाची? होमकेअरवर लक्ष कोणाचे?

सकाळी आठ वाजता रात्रपाळीच्या मावशी गेल्या, दिवसपाळीच्या आल्या. आजोबांना रक्तदाबाची गोळी दिली की नाही, हे विचारायला फोन लावला तर तो बंद. आता गोळी पुन्हा दिली तरी धोका, नाही दिली तरी धोका. वहीत एका ओळीची नोंद असती, तर हा प्रश्नच आला नसता.

नोंदीत काय हवे?
औषधाचे नाव, मात्रा, वेळ आणि देणाऱ्याची सही. शिवाय रक्तदाब, साखर, खाणे-पिणे, लघवी-शौच आणि तोल जाऊन पडणे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस कधी बदलली, त्वचेवर कुठे लालसर डाग दिसतो का, हेही लिहायला हवे. बेडसोअरची सुरुवात अनेकदा अशाच डागाने होते. नोंद त्या त्या वेळी व्हावी. पाळी संपताना आठवून भरलेली वही कामाची नाही.

ॲप पुरेसे आहे का?
ॲपवरच्या हजेरीतून मावशी वेळेवर आल्या, एवढेच कळते. काळजी कशी घेतली, हे कळत नाही.

कायदा काय सांगतो?
ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. होमकेअर सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी त्यात प्रस्तावित होती. मात्र २०२४ मध्ये १७वी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक रद्दबातल ठरले.

इंग्लंडमध्ये घरी जाऊन वैयक्तिक शुश्रूषा करणाऱ्या संस्थांना ‘केअर क्वालिटी कमिशन’कडे नोंदणी करावी लागते. प्रत्येक व्यक्तीची अचूक, पूर्ण आणि वेळच्या वेळी नोंद ठेवणे तिथे २०१४ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे.

कुटुंबाने काय करावे?
- वही घरातच ठेवा, रोज पानाचा फोटो काढा.
- पाळी बदलताना दोन्ही मावशींना वही एकत्र वाचायला सांगा.
- एजन्सीच्या सुपरवायझरने वही तपासून सही करावी, ही अट करारात घाला.
- पैसे देऊन घेतलेल्या सेवेबद्दल ग्राहक आयोगात दाद मागता येते. तिथे ही वही पुरावा म्हणून उपयोगी पडू शकते.

एक मात्र लक्षात ठेवा. चूक लिहिली म्हणून मावशींचे पैसे कापले, तर पुढची चूक वहीत येणारच नाही.