एकाच बागेतल्या दोन सुना

गेल्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात किलर्टनची बाग पाहिली. ही ॲक्लंड घराण्याची जहागीर. १९४४ मध्ये रिचर्ड ॲक्लंड यांनी ती नॅशनल ट्रस्टच्या हवाली केली, म्हणून आज तिकीट काढून कुणालाही आत जाता येतं. घरामागची अख्खी टेकडी झाडांनी भरलेली. अठराव्या शतकात जॉन व्हीच या माळ्याने ती आखली. पुढे व्हीच घराण्याच्या रोपवाटिकेने देशोदेशी माणसं पाठवून बिया आणवल्या. कॅलिफोर्नियातल्या महाकाय रेडवुडच्या सालीवर मी मूठ आपटून पाहिली. साल इतकी मऊ की हाताला लागलंच नाही.

पण माझ्या मनात राहिल्या त्या या घरातल्या दोन बायका. गर्ट्रूड ॲक्लंड या किलर्टनच्या मालकीणबाई. स्त्रियांना मताधिकार देऊ नये म्हणून स्थापन झालेल्या संघटनेच्या एक्सेटर शाखेच्या त्या अध्यक्ष होत्या. एलिनॉर ही त्यांच्या पुतण्याची बायको. ती त्याच मताधिकारासाठी झटत होती.

"बायकाच बायकांच्या शत्रू," हे वाक्य वस्तीतल्या प्रत्येक बैठकीत कुणीतरी आपल्या तोंडावर फेकतं. सासू पोलीस चौकीत सुनेच्या विरुद्ध बोलली की आपणही क्षणभर गप्प होतो. किलर्टनमध्ये मला त्याचं उत्तर सापडलं. दोघीही या घरात लग्न करून आलेल्या. घराण्याचा किताब मात्र गर्ट्रूडच्या नवऱ्याकडून त्याच्या भावाकडे आणि भावाकडून एलिनॉरच्या नवऱ्याकडे गेला. बाईचा मान नवऱ्याच्या नावावर टिकलेला असेल, तर ती व्यवस्था राखण्यात तिला स्वतःची सुरक्षितता दिसणारच. हा बाईचा स्वभाव नव्हे, तिच्या परावलंबनाचा हिशेब आहे. आणि तो हिशेब मोडता येतो, हे त्याच घरातल्या एलिनॉरने दाखवलं.

तिथे १९१८ मध्ये मत मिळालं तेही तीस वर्षांपुढच्या, मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या बायकांना. पुरुषांच्या बरोबरीने मिळायला १९२८ उजाडलं. त्या बागेत खुरपणाऱ्या, त्या घरात भांडी घासणाऱ्या किती जणींना दहा वर्षं थांबावं लागलं असेल?

मैत्रिणींनो, आपल्या विरोधात उभ्या राहणाऱ्या बाईला शत्रू म्हणण्याआधी एवढंच विचारूया : घर कुणाच्या नावावर आहे?