वनखात्याच्या जीप कापल्या जाण्याआधी

सरकारी खात्यांच्या जुन्या जीप आता हर्रासात निघत नाहीत. त्या सरळ कापायला जातात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्राच्या नियमानुसार पंधरा वर्षं भरलेल्या सरकारी गाडीची नोंदणी पुढे चालू राहत नाही आणि तिची विल्हेवाट नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच लावावी लागते. धूर ओकणाऱ्या, ब्रेक धड न लागणाऱ्या गाड्या रस्त्यावरून जाव्यात, हे मला पूर्ण मान्य आहे. माझं म्हणणं त्यातल्या मोजक्याच गाड्यांबद्दल आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीत सरकार जंगलाच्या आत पोचलं ते बऱ्याच अंशी जीपमध्ये बसून. त्यातल्या दोन-चार तरी जीप कारखान्यातून निघाल्या तशा मूळ रूपात पुन्हा उभ्या कराव्यात आणि जपाव्यात. हे काम याच जिल्ह्यांतल्या आयटीआयच्या मुलामुलींच्या हातून व्हावं.

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवत निवृत्त झालो. आता चंद्रपूरला घरामागच्या शेडमध्ये एक जीप मूळ रूपात आणतो आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची महिंद्रा सीजे-३बी, नवा नियम येण्याच्या कितीतरी आधी वनखात्याच्या हर्रासात गेलेली आणि दोन-तीन मालकांच्या हातून फिरून माझ्याकडे आलेली. त्यामुळे पुढचं जे लिहितो आहे, ते हातांना ग्रीस लागलेलं असताना सुचलेलं आहे.

या गाडीचं कूळ अमेरिकेतलं. ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात विलीज-ओव्हरलँड कंपनीनं दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी जीप बनवल्या, फोर्डनंही त्याच नमुन्यावर बनवल्या. दोघांच्या मिळून सहा लाखांवर. आपल्याकडे महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीजचे सुटे भाग जोडून जीप तयार करायला सुरुवात केली आणि पुढे ती पूर्ण इथंच बनू लागली. सीजे-३बी टोलेडोत १९५३ साली आली. तिथं ती १९६० च्या दशकात बंद पडली, पण आपल्याकडे नंतरही वर्षानुवर्षं बनत राहिली. एका अमेरिकी गाडीचं खरं आयुष्य असं आपल्या नाल्याखोऱ्यांत गेलं.

तिचं बॉनेट इतकं उंच का, असं शेडमध्ये येणारा प्रत्येक जण विचारतो. त्याचं कारण इंजिनात आहे. युद्धातल्या जीपमध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही वॉल्व्ह ब्लॉकमध्येच होते, म्हणून इंजिन बुटकं. सीजे-३बीच्या ‘हरिकेन’ इंजिनात इनटेक वॉल्व्ह वर हेडमध्ये नेले आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्येच ठेवले. हवा-पेट्रोलचं मिश्रण जास्त आत येऊ लागलं, ताकद वाढली, पण इंजिन उंच झालं आणि त्याच्यासाठी बॉनेटही उचलावं लागलं. चार सिलिंडर, २.२ लिटर, बोअर सुमारे ७९ मिलिमीटर आणि स्ट्रोक १११. एवढ्या लांब स्ट्रोकमुळे इंजिन फार न फिरताही जोर देतं. नाल्याच्या रेतीत चाक रुतलं की हाच जोर कामी येतो. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन दांडे, एक पुढची चाकं जोडण्याचा आणि दुसरा हाय-लोचा. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. काच पुढे बॉनेटवर पाडता येते. या गाडीत झाकून ठेवलेलं असं काही नाहीच. शिकवणाऱ्याला आणखी काय हवं?

मूळ रूपात आणायचं तर आधी पाने बदलावे लागतात. या जीपचे नट-बोल्ट अमेरिकी इंची मापाचे. अर्ध्या इंचाच्या नटावर १३ चा पाना ढिला बसतो आणि दोनदा जोर लावला की नटाच्या कडा गोल करून टाकतो. नऊ-सोळांशच्या नटावर १४ चा पाना चढतच नाही, मग कोणीतरी हातोडी घेतो. गेल्या तीस-चाळीस वर्षांत हाताला लागला त्या पान्यानं उघडलेल्या या गाडीचा जवळजवळ प्रत्येक नट तासला गेला होता. काही ठिकाणी आटेच मारले होते, पण मिलिमीटरचे. एकेक भोक पुन्हा भरून, इंची टॅप मारून सरळ करावं लागलं. हे काम कुणाला दिसत नाही. रंग सगळ्यांना दिसतो.

रंगाचंही सांगतो. पत्रा घासायला घेतला तेव्हा वरचा पांढरा थर गेला, त्याखाली एक हिरवा आला, मग बोटभर लांबी, मग दुसरा हिरवा आणि सगळ्यात खाली कारखान्याचं प्रायमर. डॅशबोर्डच्या मागे, जिथं कुणाची कूची पोचली नव्हती, तिथं मूळ रंग जसाच्या तसा होता. तोच नमुना धरला.

मे महिन्यात इथं पारा ४५ च्या पुढे जातो. तेव्हा पेट्रोल जीप भर रस्त्यात बंद पडायची, कारण इंजिनाच्या उष्णतेनं पेट्रोलची वाफ होऊन पंप उचलेनासा व्हायचा. वनखात्यातले एक निवृत्त ड्रायव्हर कधीमधी शेडमध्ये येऊन बसतात. आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. ते म्हणतात, “सर, पंपावर ओलं फडकं ठेवा लागे, अन् दहा मिनिटं झाडाखाली उभं राहा लागे. तवा कुठं निंघे गाडी.” पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, तिथं डबल क्लच कसा मारायचा, हे त्यांनी माझ्या शेजारी बसून दोन पोरांना शिकवलं. कुठल्याच मॅन्युअलमध्ये ते तसं लिहिलेलं नाही. किती रेस द्यायची, ते कानानंच ठरवायचं असतं.

अमेरिकेत १९६४ च्या पाँटियाक जीटीओपासून पुढच्या ताकदवान गाड्या, ज्यांना ते मसल कार म्हणतात, त्या मूळ रूपात आणण्याचं एक शास्त्रच तयार झालं आहे. इंजिनावरचा नंबर आणि चेसिसवरचा नंबर एकाच गाडीचे असायला हवेत. कारखान्यात कामगारानं खडूनं केलेली तपासणीची खूणसुद्धा ते लोक पुन्हा तशीच काढतात. काही गाड्यांच्या सीटच्या स्प्रिंगमध्ये जोडणीचा छापील कागद सापडतो आणि त्यावर कोणता गिअरबॉक्स, कोणता रंग, सगळं लिहिलेलं असतं. असा कागद मिळाला की गाडीची किंमत कितीतरी वाढते. त्या किमतीशी मला देणंघेणं नाही. पण त्यांचा काटेकोरपणा मला हवा आहे.

कारण आपल्याकडे जुनी जीप ‘तयार’ करणं म्हणजे भलतंच काही झालं आहे. रुंद टायर, एलईडीच्या पट्ट्या, क्रोमचे पाइप, वरातीत फिरवायला उघडी गाडी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे असे बदल करताच येत नाहीत, हे गॅरेजवाल्यांना ठाऊक असतं. माझा खरा राग मात्र वेगळ्या गोष्टीसाठी आहे. अशी एकेक गाडी बिघडवली की तिच्यातून शिकण्यासारखं जे होतं ते कायमचं जातं.

आता कायद्याची अडचण. २०२१ साली केंद्रानं व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ स्वरूपात राखलेली हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, ती दहा वर्षं चालते. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. नियम चांगले आहेत. पण विदर्भातल्या बहुतेक पेट्रोल जीपचं इंजिन कधीच उतरवलं गेलं आणि जागेवर डिझेल बसलं, कारण हरिकेन इंजिन पेट्रोल फार प्यायचं. माझ्याही गाडीचं तेच झालं होतं. त्याच जातीचं इंजिन नागपूरच्या भंगार बाजारात शोधून, बोअर करून, क्रँक घासून बसवलं, तेव्हा ती पुन्हा सीजे-३बी झाली. हा फेरफार ‘मूळ स्वरूप बिघडवणं’ धरायचा की ‘मूळ स्वरूपात आणणं’, हे नियमात नीट स्पष्ट व्हायला हवं. ज्यानं बिघडलेलं सुधारलं, त्यालाच नियमाचा फटका बसू नये.

त्याहून मोठी अडचण मधल्या वर्षांची आहे. खासगी माणसाच्या हातातली गाडी पन्नाशीपर्यंत पोचू शकते. सरकारी गाडीला पंधराव्या वर्षीच कापतात. म्हणजे यापुढे एकही सरकारी जीप व्हिंटेज होऊच शकणार नाही. एमएम-५४० घ्या. प्यूजोच्या परवान्यावरचं डिझेल इंजिन असलेली ही जीप दुर्गम भागातल्या सरकारी कामाचा कणा होती. ती अजून पन्नाशीची नाही. एखाद्या वनपरिक्षेत्र कार्यालयाच्या मागे बोरीखाली एखादी उभी असेल, तर तिचं पुढचं ठिकाण कापण्याचं यंत्र.

२०२३ च्या नियमात अपवाद आहे. देशाचं संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या कामातल्या चिलखती व विशेष गाड्यांना हा नियम लागू नाही. अपवाद करता येतो, हे यातून दिसतंच. मग प्रत्येक वनवृत्तानं एक गाडी नोंदणी रद्द करून, रस्त्यावर कधीच न आणण्याच्या अटीवर, प्रदर्शनवस्तू म्हणून ठेवावी, एवढा आणखी एक अपवाद का नको? चंद्रपूर वृत्तात एक, गडचिरोली वृत्तात एक. अहिल्यानगरला लष्करानं १९९४ मध्ये रणगाड्यांचं संग्रहालय उभं केलं. नागपूरला मोतीबागेत रेल्वेनं आपल्या नॅरोगेजच्या गाड्या जपल्या. वनखात्याकडे चंद्रपुरात वन अकादमी आहे, तिथं राज्यभरातून अधिकारी प्रशिक्षणाला येतात. जीप ठेवायला याहून योग्य जागा कुठली?

इथं कोणी विचारेल, आणि विचारावंच, की ज्या जिल्ह्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं, तिथं जुन्या जीपचे लाड कशाला? रुग्णवाहिकेचा, पुलाचा, शाळेचा एक रुपयाही इकडे वळवू नये, हे मी आधीच सांगतो. पण हे काम मुख्यतः मजुरीचं आहे आणि ती मजुरी म्हणजे शिक्षण आहे. आयटीआयच्या मुलांना आज स्कॅनर लावून एरर कोड वाचायला शिकवावंच लागतं. तो कोड ज्या बिघाडाकडे बोट दाखवतो तो डोळ्यांनी बघायचा, तर कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, कॉन्टॅक्ट पॉइंट असलेलं इंजिन टेबलावर हवं. इग्निशनचा टायमिंग हातानं फिरवून आवाज बदलताना ज्यानं ऐकला, त्याला पुढे कुठलंही इंजिन परकं वाटत नाही. अहेरी-एटापल्लीकडची पोरं या बाबतीत फार तल्लख असतात, हे मी वर्गात पाहिलं आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. जंगलातल्या गावांना या जीपची आठवण गोड नाही. मोहाची, बांबूची, सरपणाची मोळी घेऊन निघालेल्या बाईला जीपचा आवाज म्हणजे धाक होता. दंड, जप्त केलेली बैलगाडी, कचेरीच्या खेपा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाले ते २००९ मध्ये, त्याआधीच्या पिढ्यांनी ही जीप दुसऱ्या बाजूनं पाहिली. तिच्यातूनच साप चावलेला माणूस दवाखान्यात गेला, वणवा विझवायला माणसं पोचली, हेही खरं. म्हणून नुसती चकाचक गाडी उभी करून त्यावर खात्याची पाटी लावायला माझा विरोध आहे. गाडीबरोबर तिचं लॉगबुक हवं. कुठल्या तारखेला, कुठून कुठे, किती किलोमीटर, काय कामाला, किती पेट्रोल, हे सगळं त्यात आहे. अमेरिकी माणसाला सीटखालच्या कागदात जे सापडतं त्याहून कितीतरी जास्त आपल्या लॉगबुकात आहे, आणि मुदत संपली की ती नोंदवही रद्दीत जाते. लॉगबुकात जी गावं येतात, तिथल्या म्हाताऱ्या माणसांना गोंडी-माडियात बोलतं करून तेही शेजारी ठेवावं. ऐकायला आवडणार नाही असं काही निघालं, तरी तसंच ठेवावं.

आणि जंगलात वापरताना जोडलेल्या वस्तूंचं काय? माझ्या गाडीला पुढे जाड लोखंडी गार्ड होता, सर्चलाइटचा आकडा होता, मागे पाण्याच्या कॅनसाठी ठोकलेली पट्टी होती. मी त्या उतरवल्या, कारण कारखान्यानं त्या दिल्या नव्हत्या. पण टाकल्या नाहीत. प्रत्येकीला चिठ्ठी बांधून ठेवली आहे, कुठं होती, कोणत्या बोल्टनं लावली होती. दोन्ही ठेवावं लागतं.

यासाठी काय लागेल तेही सांगून ठेवतो. आयटीआयची शेड आणि लेथ आहेच. इंची पान्यांचा एक संच, इंची टॅप-डायचा एक संच. वनखात्यानं कापायला जाणाऱ्या यादीतून एक गाडी लॉगबुकासह बाजूला काढायची आणि जे जुने ड्रायव्हर, फिटर अजून हिंडते-फिरते आहेत त्यांना मानधन देऊन आठवड्यातून एक दिवस शेडमध्ये बोलवायचं. पुढची यादी निघण्याआधी चंद्रपूर, ब्रह्मपुरी, मध्य चांदा, वडसा, गडचिरोली, आलापल्ली, भामरागड आणि सिरोंचा या आठही विभागांनी आपल्या आवारात काय उभं आहे ते चेसिस नंबरासह लिहून काढावं. एका दुपारचं काम आहे. शिकवायला मी येतो, मानधनाशिवाय.