शाळेचे फाटक पालकांनाच बंद का?



शाळा सुटायच्या वेळी सिल्वासात एक चक्कर मारा. आत मैदान मोकळे आणि आया, आजोबा बाहेर रस्त्यावर, रिक्षा-टेम्पोच्या गर्दीत छत्र्या सावरत उभे. पोर्तुगीज अमदानीपासून इथे राहणारी आपली घरे; पण नातवाला घ्यायला गेलो की परके! विचारले तर ठरलेले उत्तर : सुरक्षा.

कोणापासून? ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. आरोपी कोणी पालक नव्हता, शाळेतलाच सफाई कर्मचारी होता. प्रकरण उघडकीस आणले ते मुलींच्या घरच्यांनी. त्यांची तक्रार घ्यायलाही पोलिसांनी तासन्‌तास लावले. ज्यांची नजर हवी, त्यांनाच आपण फाटकाबाहेर ठेवतो.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. विनाअनुदानित शाळा त्यातून सुटल्या, आणि भरमसाट फी तिथेच! आम्ही बँकेत कुलूप तिजोरीला लावतो, खातेदाराला नाही. पालकांना ओळखपत्र द्या, वहीत सही घ्या, वर्गांकडचा जिना खुशाल बंद ठेवा, पण सुटण्याआधी पंधरा मिनिटे मैदान उघडा. समितीवरच्या पालकांनी हा विषय पुढच्याच बैठकीत मांडावा. बाकीच्यांनी सह्यांचा अर्ज मुख्याध्यापकांना द्यावा. मसुदा मी लिहून देतो.