बसलेले पाटे

भिवंडी तालुक्यातील राहनाळ येथून एका वाचक गृहस्थांचे पत्र आम्हांस आले आहे. त्यांच्या एकत्र कुटुंबातील पुतण्याने कर्ज काढून पिकअप गाडी घेतली असून, तेथील गोदामांतील माल ठाणे-मुंबईकडे पोहोचविण्याचा व्यवसाय तो करतो. अलीकडे गाडीचे पुढील पाटे बसले. गाडी नाकावर झुकली, आणि चाक खड्ड्यात गेले की आसाचा वरच्या रबरी ठोकळ्यावर आघात होऊ लागला. गॅरेजवाला म्हणतो, एक जादा पाटा घाला, म्हणजे काम भागेल. नवा जोड घ्यावयाचा तर खर्च मोठा, आणि कर्जाचा हप्ता तर दरमहा दाराशी उभा! अशा स्थितीत काय करावे, अशी पृच्छा आहे.

राहनाळ, काल्हेर, दापोडे, पूर्णा ह्या गावांच्या शेतांवर आज गोदामांच्या रांगा उभ्या आहेत, आणि आपणां सर्वांच्या घरी येणाऱ्या कित्येक वस्तू अशाच पाट्यांवर डोलत येतात. म्हणून ह्या प्रश्नाचा विचार येथे थोडा विस्ताराने करू.

तर्कसंग्रह पढलेल्या वाचकांस आठवत असेल की, नैयायिकांनी संस्कार नामक गुणाचे तीन प्रकार मानिले आहेत: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वाकविलेली वस्तू जो गुण पूर्वस्थितीस आणतो तो स्थितिस्थापक. आणि अनुभवाची स्मृती जी राखते ती भावना. पोलादाचा पाटा ह्या गुणाचे उत्तम उदाहरण होय. रॉबर्ट हुक ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली प्रसिद्ध केलेला नियम असा की, जितका भार तितका वाक. परंतु त्यास मर्यादा आहे. ती ओलांडली की भार उतरल्यावरही पाटा पूर्ण परत येत नाही. थोडा वाक अंगी कायमचा राहतो. शिवाय मर्यादेच्या आतला ताणही लक्षावधी वेळा बसला तर धातू शिणतो. गंजाचा खळगा किंवा मधल्या बोल्टाचे भोक अशा ठिकाणी सूक्ष्म चीर पडते, आणि एके दिवशी पाटा तुटतो.

माल मागे असताना पुढील पाटे का बसावे, असे कोणी विचारील. पुढे इंजिनाचा भार नित्याचाच असतो. त्यात माल केबिनला टेकवून रचला, ब्रेक दाबताच भार पुढे झेपावला, आणि खड्डे व गतिरोधक वेगाने ओलांडले, म्हणजे पुढील पाट्यांवर आघातामागून आघात होतात. पावसाळ्यातील चिखल पाट्यांच्या फटींत शिरून गंज चढवितो, तो निराळाच.

आता उपाय. प्रथम निदान करावे. गाडी रिकामी करून सपाट जागी उभी करावी, दोन्ही चाकांत हवा सारखी भरावी, आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंस मोजावे. एकच बाजू खाली असेल तर त्या बाजूचा पाटा तुटला आहे काय, मधला बोल्ट कापला आहे काय, यू-बोल्ट ढिले आहेत काय, शॅकल व बुश झिजले आहेत काय, आणि चेसिसला चीर आहे काय, हे क्रमाने पाहावे. रोग बुशात असता पाट्यास औषध देणे व्यर्थ होय.

पाटेच बसले असतील तर तीन मार्ग संभवतात. पहिला, ठोकून पुन्हा कमान देणे. नुसते थंडपणी ठोकलेले पाटे लवकरच पुन्हा बसतात. ते तापवून कमान द्यावी, तेलात विझवावे, आणि मग योग्य उष्णतेवर त्यांस पाणी द्यावे. हे ज्यास साधते अशा कारखान्यातच हे काम करवावे, आणि चीर पडलेला पाटा तर घेऊच नये. दुसरा, जादा पाटा घालणे. त्याने नाक वर येते खरे. परंतु जुने पाटे शिणलेलेच राहतात, गाडी ताठर होते, आणि रस्त्याचा धक्का चेसिसपर्यंत पोहोचतो. तिसरा, उत्पादकाने नेमून दिलेला नवा संच दोन्ही बाजूंस एकदम बसविणे. पत्रलेखकांस आमचा सल्ला ह्या तिसऱ्याचाच आहे. एकदम पैसा जमत नसेल तर जमेपर्यंत भार कमी करून गाडी चालवावी. परंतु पाटा चिरलेला वा तुटलेला असेल तर ती मुळीच चालवू नये.

काम करताना गाडी केवळ जॅकवर ठेवून खाली शिरू नये, घोड्या लावाव्यात. पाट्यांचा मधला बोल्ट सोडण्यापूर्वी संच शिकंज्यात धरावा. दाबलेले पाटे उसळून हात जायबंदी करितात. यू-बोल्ट नवे घ्यावेत व आडवेतिडवे थोडेथोडे आवळावेत. रबरी बुशाचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यावरच शेवटचे कसावेत. काही शे किलोमीटर गाडी चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा तपासावेत, आणि चाकांची रेषा व दिव्यांचा झोतही पाहून घ्यावा. कारण पुढील उंची बदलली की सुकाणू व झोत दोन्ही बदलतात.

जादा पाट्याचा खरा धोका मात्र निराळाच आहे. गाडी वर दिसू लागली की मालकास वाटते, आता आणखी माल भरण्यास हरकत नाही. पाटा वाढला तरी ब्रेक, आस आणि टायर वाढत नाहीत. भार वाढला की थांबण्यास अंतर अधिक लागते, आणि ते अंतर रस्त्यावरच्या एखाद्या पोरास ठाऊक नसते. कायदाही कडक आहे: १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १९४ व्या कलमात २०१९ च्या दुरुस्तीने अतिभारास २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनास आणखी २,००० रुपये दंड सांगितला आहे. दोन जादा खोक्यांच्या भाड्यासाठी इतका पैसा आणि घरातील कर्त्या मुलाचा जीव पणास लावणे शहाणपणाचे नव्हे. चालविणारा तरुण असतो. परंतु किती माल भरावयाचा हे पुष्कळदा घरातील हिशेब ठरवितो. म्हणून हप्त्याची चिंता वडील मंडळींनी वाटून घ्यावी, आणि पुतण्यास "आज एवढेच पुरे" असे म्हणण्याचे बळ द्यावे. पाट्यास मर्यादा असते तशी ती माणसासही असते. ती ओलांडल्यावर मग कोणी कितीही ठोकले तरी पूर्वीची कमान येत नाही.