मिठाचा हिशोब कोणी ठेवायचा?



वस्तीतल्या तपासणी शिबिरात बाईचा रक्तदाब वाढलेला निघाला की तिच्या हातात गोळ्यांची पुडी पडते आणि कानावर एक वाक्य पडतं : 'मीठ कमी करा.' नवऱ्याचं बीपी वाढलेलं निघालं तरी हे वाक्य बायकोलाच ऐकवलं जातं. आजारी कोणीही असो, पथ्य सांभाळायचं बाईने. नवऱ्यासाठी ती वेगळी भाजी काढून ठेवते. स्वतःसाठी वेगळी भाजी काढणारी बाई क्वचितच भेटते. सगळ्यांची जेवणं झाल्यावर भाजी संपलेली असली, तर ती लोणच्याची फोड नाहीतर ठेचा घेऊन भाकरी खाते. म्हणजे घरातलं सर्वांत खारट ताट बहुधा तिचंच.

हा प्रश्न मोजक्या बायकांचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या १५ वर्षांवरील शंभरातल्या २१ स्त्रियांचा रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त आहे, नाहीतर त्यांना त्याच्या गोळ्या चालू आहेत. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी मीठ खावं. आपण सरासरी ८ ग्रॅमच्या आसपास खातो.

ग्रॅम मोजायला घरात तराजू नसतो, पण मिठाचा पुडा असतो. चार मोठ्या माणसांच्या घरात एक किलोचा पुडा महिन्यात संपत असेल, तर माणशी साधारण ८ ग्रॅम झाले. तोच पुडा ५० दिवस पुरला तर ५ ग्रॅम. (फरसाण, बिस्किटं, पापड यांतून येणारं मीठ यात धरलेलं नाही.) म्हणून पुडा फोडला की त्यावर तारीख लिहावी. पुढचा पुडा तीन-चार दिवस जास्त पुरवावा, त्यापुढचा आणखी थोडा.

हे सारं हळूहळूच करायला हवं. एकदम अळणी केलं तर ताट सरकवलं जातं, आणि त्याची बोलणी, कधी मारही, बाईलाच बसतो. थोडं थोडं कमी केलं तर काही आठवड्यांत जिभेला त्या चवीची सवय होते. ब्रिटनमध्ये २००१ ते २०११ या काळात पावातलं मीठ असंच टप्प्याटप्प्याने सुमारे २० टक्क्यांनी उतरवलं गेलं. आपण आधी ताटातलं डाव्या बाजूचं मीठ बंद करू, मग भाकरीच्या पिठातलं, मग भातातलं. आमटी-भाजीतलं चिमटीचिमटीने कमी करू. चवीला लिंबू, आमसूल, लसूण, जिरं आहेच.

नुसतं मीठ कमी करून भागत नाही. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या 'डॅश' अभ्यासात लोकांना भरपूर फळं-भाज्या आणि कमी स्निग्धांशाचं दूध-दही दिलं. मिठाचं प्रमाण बदललं नव्हतं, तरीही रक्तदाब वाढलेल्यांचा वरचा आकडा सरासरी ११ ने उतरला. पण रेशनवर धान्य मिळतं, भाजी मिळत नाही. 'पालेभाजी खा' म्हणताना तिच्या भावाबद्दल आणि मजुरीबद्दलही बोललं पाहिजे.

काही गोष्टी गटात स्पष्ट सांगाव्यात. आहार बदलला म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. सैंधव हेही मीठच आहे, पापडखार आणि सोडा यांतही सोडियम असतं. पोटॅशियम घातलेलं 'कमी सोडियमचं' मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णांना घातक ठरू शकतं, बीपीच्या काही गोळ्यांबरोबरही ते चालत नाही, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. गरोदर बाईचं बीपी वाढलं तर पथ्यावर विसंबू नये, ताबडतोब दवाखाना गाठावा.

आणि एक अवघड विषय. आपल्या कितीतरी बचत गटांचं उत्पन्न पापड-लोणच्यांवर आहे. तो रोजगार सोडा, असं कोण म्हणेल? लोणचं मिठावरच टिकतं, ते कमी खाणं एवढंच आपल्या हाती. पण पापडाच्या, चटणीच्या पुढच्या घाण्यात मीठ थोडं उतरवून पाहता येईल का, याचा विचार गटांनीच करावा.

यापुढे गटाच्या बैठकीत प्रत्येकीचं बीपी मोजलं जावं. आरोग्य उपकेंद्राकडे तशी मागणी करू. पथ्याच्या बैठकीला पुरुषांनाही बोलवू. आणि पुड्यावरची तारीख घरातल्या दुसऱ्या कोणीतरी लिहावी, नवऱ्याने किंवा मुलाने. मीठ सारं घर खातं, तर हिशोबही साऱ्या घराने ठेवावा. तिने फक्त सगळ्यांच्या बरोबरीने पानावर बसावं आणि भाजी संपायच्या आत आपल्या ताटात वाढून घ्यावी.

तुमच्या घरी पुडा किती दिवस पुरला, ते जरूर कळवा.