दोन खांब पळायचं, एक खांब चालायचं

पहाटे साडेपाचला आमच्या शहरातल्या तुळजाभवानी स्टेडियमच्या फाटकाशी आम्ही सात-आठ जण जमतो. दोन शिक्षिका, एक मेडिकलवाले, बँकेतून निवृत्त झालेले काका, आणि तीन महिन्यांपासून मी. पहिल्या दिवशी माझं वय, वजन कुणीच विचारलं नाही. एका ताईंनी रस्त्याकडेच्या विजेच्या खांबांकडे बोट दाखवलं. "दोन खांब पळायचं, एक खांब चालायचं. गप्पा मारता आल्या पाहिजेत. बोलताना दम तुटला की समजायचं, वेग जास्त झाला."

एवढंच शिक्षण. पण त्यात खरी समज आहे. पळायला लागल्यावर हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सरावतात. हाडं आणि स्नायुबंध मात्र महिने घेतात. दम टिकतोय म्हणून नवखा माणूस वेग वाढवतो आणि नडगी धरून घरी बसतो. गप्पांचा वेग पायांना सवड देतो. याआधी दोनदा मी एकटीनं सुरुवात केली होती. दोन्ही वेळा चौथ्या दिवशी अंथरूण सुटलं नाही. आता सव्वापाचला फोन वाजतो, "निघालात का ताई?" आणि पाय आपोआप चपलांऐवजी बुटांकडे वळतात.

आमच्या शेजारून भरतीची पोरं सुसाट जातात. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, आणि त्या एका धावण्यावर 20 गुण. घरची सगळी आशा त्या घड्याळावर टांगलेली. तरी आम्हाला ओलांडताना एखादी पोरगी म्हणतेच, "काकू, मस्त! थांबू नका!" त्या हाकेनं माझे पुढचे दोन खांब कसे सरतात, कळत नाही.

माझी आजी दिंडीत जायची. आषाढी वारीत वेळापूरजवळच्या उतारावर वारकरी धावा करतात. तिथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते पळत सुटले, अशी श्रद्धा. साठी उलटलेली आजी नऊवारीचा ओचा खोचून त्या गर्दीत पळायची. एरवी आमच्या घरच्या बायका कधी पळालेल्या मी पाहिल्या नाहीत. "एकटीला अंगणभरसुद्धा पळता आलं नसतं गं," ती म्हणायची. तिचं हे वाक्य मला आता पायांतून कळतं.

सोबतीनं पळण्याची ही ओढ दूरदेशीही दिसते. लंडनच्या बुशी पार्कमध्ये 2004 साली 13 जण एकत्र पळाले आणि त्यातून 'पार्करन' हा एकत्र पळण्याचा उपक्रम जगभर पसरला. त्या उपक्रमाची एक रीत मला फार आवडते : एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांत मागे राहतो, म्हणजे नवख्या माणसावर शेवटचं येण्याची वेळ येत नाही. आमच्या काकांनी पार्करनचं नावही ऐकलेलं नाही.

गेल्या रविवारी आम्ही जवळच्या हातलाईच्या डोंगराकडे गेलो. चढावर माझा दम तुटला, मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. बाकीचे वळणापलीकडे गेले. काका दोन पावलं मागे थांबले, खाली बसले आणि बुटाची नाडी बांधू लागले. सावकाश, दोनदा. मी पुन्हा पाय उचलला तसे तेही उठले.

नाडी सुटलेली नव्हती.